सात ठोक्यांची चाल आणि तीन अँप

प्रिय भावजी,

वहिनीचे आशीर्वाद घ्या. (वरती काय लिहावं यावर माझी पाच मिनिटं गेली. ‘तीर्थरूप’ लिहावं तर तुम्ही वयाने धाकटे, ‘चिरंजीव’ लिहावं तर मागच्या भेटीत तुमच्या डोक्यावर माझ्यापेक्षा जास्त पांढरे केस दिसले. शेवटी ‘प्रिय’वर भागवलं आहे, गोड मानून घ्या.) इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे माणसं क्षेम आहेत. बैठकीच्या खोलीबद्दल तसं म्हणता येणार नाही, पण तिच्याकडे मी पुढे येतेच. तुमची पाठ कशी आहे? जाऊबाईंचा गुडघा जिना चढताना अजून वाजतो का? त्यांना सांगा, की गुडघा वाजला तर त्यात काही विशेष नाही. तुमच्या घराण्यात आल्यावर न वाजलेला एकही अवयव कुणाकडे उरत नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही विचाराल. एक तर फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं. तुम्ही मनापासून ‘हो हो’ म्हणता आणि फोन ठेवल्यावर जाऊबाईंना विचारता, की वहिनी काय म्हणत होती. (त्यांनीच सांगितलं. रागावू नका. चाळीस वर्षं ड्रम बडवणाऱ्याच्या कानांचं काय होतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? दवाखान्यात या, तपासून देते.) दुसरं म्हणजे तुमचे दादा शनिवारपासून सारखे माझ्या आसपासच असतात, त्यांच्यासमोर हे बोलता येत नाही. तेव्हा हे मी कानाच्या दवाखान्यातल्या आमच्या त्या आवाजबंद खोलीत बसून लिहिते आहे. बाहेरचा पेशंट आत बसला, की मी काचेपलीकडून त्याच्या कानात बारीक-मोठे आवाज सोडायचे आणि आवाज आला की त्याने बोट वर करायचं, हे माझं सव्वीस वर्षांचं काम तुम्हाला माहीत आहेच. सध्या पेशंट नाही म्हणून त्याच्या खुर्चीवर मीच बसले आहे. इतकी शांतता आहे की माझं पेन कागदावर चालल्याचं मला ऐकू येतं.

आता मूळ मुद्दा. काल तुमच्या दादांनी तुम्हाला फोन करून सांगितलं, की महिनाअखेरच्या रविवारी टेम्पो घेऊन ये आणि तिन्ही अँप, ती गिटारचा आवाज फुगवणारी खोकी, स्पीकरचं कपाट, गिटार असं सगळं उचलून ने, मला आता वाजवायचं नाही. तुम्ही बरं म्हणालात. मी शेजारीच उभी होते आणि मीही मान डोलावली. तर त्याची पक्की आठवण राहावी म्हणून हे पत्र. अवश्य या, सकाळी लवकर या, सोबत एक दांडगा माणूस आणा, कारण लिफ्टमध्ये ते कपाट मावत नाही आणि तुमच्या पाठीचा मला भरवसा नाही. तीस वर्षं मी या दिवसाची वाट पाहत होते. ज्या बाईला लग्नाआधी तुमच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसवलं होतं आणि जी दोन्ही कानांत बोटं घालून नवरा पसंत करून घरी गेली, तिला आज काय वाटत असेल ते तुम्ही ओळखालच.

पण सामान एकाचं तीन का झालं, ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नसणार. ते सांगायचं म्हणजे बोटापासून सुरुवात करायला हवी. हिवाळ्यात यांच्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटावर छोटीशी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तुम्ही येऊन गेलात. बोट वाकलं की अडकायचं आणि दुसऱ्या हाताने सरळ करावं लागायचं. शस्त्रक्रिया चांगली झाली, टाके सुकले, डॉक्टरांनी पिळायला एक रबरी चेंडू दिला आणि सांगितलं, की बोट सुटं झालंय, पण पहिल्यासारखं चपळ होईलच असं नाही. यातलं ‘सुटं झालंय’ एवढंच यांनी ऐकलं. चेंडू अजून फ्रिजवर आहे. मी त्याखाली किराणा-सामानाची यादी दाबून ठेवते.

पुढच्याच आठवड्यात गिटार बाहेर निघाली, जुना अँप तापला आणि तुमची ती सात ठोक्यांची चाल वाजू लागली. कुठली ते सांगायला नको. तुम्ही दोघांनी विशी-बाविशीत बसवली होती ती, सहा ठोके जमिनीवर आपटत येणारी आणि सातव्याला एकदम वर उडी मारणारी. ती उडी याच बोटाची. यांनी दोनदा वाजवली, तीनदा वाजवली, थांबले, आणि आतून मला म्हणाले, की अँपचे व्हॉल्व्ह गेलेत, आवाज ढिला पडतोय. आता तुमचे दादा दातांच्या कवळ्या बनवतात. आयुष्यभराचा त्यांचा नेम असा, की कवळी टोचते म्हणून कुणी तक्रार केली तर हिरडीला दोष द्यायचा नाही, आपला साचा पुन्हा तपासायचा. पेशंटचं काही चुकत नाही, वस्तूचं चुकतं. तोच न्याय त्यांनी इथे लावला, फक्त या खेपेला पेशंट ते स्वतः होते.

मग आमचा व्हॉल्व्हवाला आला. (तुम्हाला आठवत असेल, बारीक, उंच, बोलताना सोल्डरिंगचा वास येतो तो.) त्याने जुन्या अँपचं मागचं झाकण काढलं, सगळे व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, बदलले, दिवे लागल्यासारखे ते लाल झाले आणि हे खूश झाले. दोन दिवसांनी म्हणाले, ट्रान्सफॉर्मर थकलाय. व्हॉल्व्हवाल्याने ट्रान्सफॉर्मर तपासला आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, की तुलनेला म्हणून माझा एक अँप ठेवून जातो, हवा तितके दिवस ठेवा. असा दुसरा आला. त्याच्या तोंडावर नक्षीदार पत्रा आहे म्हणून मी त्याला पत्र्या म्हणते. तिसरा, पांढरा, ह्यांनी एका मोडलेल्या बँडकडून आणला आणि घरात शिरताना मला सांगितलं, की हा फक्त बघायला आणलाय. बघायला आणलेली वस्तू चार माणसं लावून वर आणावी लागत नाही हे मी बोलले नाही. तर आता बैठकीत एक स्पीकरचं कपाट आणि त्यावर चढवायला तीन डोकी अशी स्थिती आहे. ज्याची पाळी असेल ते डोकं कपाटावर बसतं, बाकीची दोन सोफ्यावर. पाहुणे आले तर उभे राहतात.

आता तुम्ही विचाराल, की वहिनी, तिघांत फरक काय? (विचाराल नाही, पण विचारलं असं मी धरून चालते.) गेले दोन महिने मी स्वयंपाकघरात उभी राहून तिघांचं ऐकते आहे, तेव्हा माझंही मत झालेलं आहे. गेन म्हणजे काय हे मला ह्यांनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. आवाज मोठा करायचं बटण वेगळं आणि त्या आवाजाला राग आणायचं बटण वेगळं. हे दुसरं म्हणजे गेन. जुन्याचा राग जुन्या माणसासारखा आहे, चढायला वेळ लागतो, पण आवाज भरडा आणि मधल्या पट्टीत भरलेला, भिंत ओलांडून आला तरी माणूस कोण ते ओळखू येतं. पत्र्या शिस्तीचा. खालचे जाड स्वर त्याच्याकडून असे तोडून येतात, की हाताची कड तारांवर टेकवली की स्वर तिथल्या तिथे संपतो, मागे काही लोंबत नाही. ‘मेटल’ की काय म्हणता ते वाजवायला तो सगळ्यांत चांगला, पण एकही चूक झाकत नाही. पांढरा बरोबर उलट. त्याच्यात राग इतका भरलाय, की हात उचलला तरी स्वर गात राहतो, एकाच्या शेपटीला दुसरा चिकटतो आणि मधली राहिलेली जागा भरून निघते. तो सगळ्या चुका पोटात घालतो. आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे तापतोही तोच सगळ्यांत छान. त्याच्या डोक्यावरच्या जाळीशेजारी ओले मोजे ठेवले तर दोन तासांत कोरडे होतात. जुन्याला तीन तास लागतात, आणि पत्र्याला वर पंखा असल्यामुळे मोजे उडून मागे पडतात.

(मोज्यांवरून भांडण झालं होतं, तेही सांगून टाकते. एकदा मी पांढऱ्याची जाळी पूर्ण झाकली गेली अशा बेताने टॉवेल वाळत घातला आणि विसरले. वास सुटला. ह्यांनी धावत येऊन टॉवेल उचलला आणि त्या अँपच्या डोक्यावर हात ठेवून असे उभे राहिले, की कुणाला ताप आलाय असं वाटावं. आणखी एकदा केर काढताना मी स्पीकरची तार मागून काढून ठेवली आणि परत लावली नाही. व्हॉल्व्हवाला म्हणतो, की तशाच अवस्थेत अँप सुरू करून वाजवला असता तर आतून जळून गेला असता. त्या दिवसापासून मला कपाटाच्या मागे जायला बंदी आहे आणि मागे जो केर साठलाय त्याला मी जबाबदार नाही. टेम्पोवाल्याला सांगून ठेवा.)

खालच्या मजल्यावरचे हेडसरही यात ओढले गेले. पत्र्या पहिल्यांदा वाजला तेव्हा त्यांच्या कपाटातले कप किणकिणले आणि ते काठी टेकत वर आले. मी माफीची वाक्यं तयार ठेवली होती. ते बसले, पत्र्याच्या कपाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, की हा चांगला आहे, याचे ठोके माझ्या खुर्चीच्या हातात येतात. (त्यांच्या कानांचा आलेख मीच काढलेला आहे. वरचे स्वर कधीच गेले, पक्षी, घंटी, नातीचं बोलणं सगळं गेलं, पण तळाचे जाड स्वर अजून शाबूत आहेत. तेव्हा या शहाण्या माणसाला वर्षभरात स्वच्छ ऐकू आलेलं संगीत म्हणजे तुमची ती चाल.) तेव्हापासून ते रोज संध्याकाळी पाच वाजता खुर्ची भिंतीला टेकवून बसतात. पाच वाजले आणि आवाज नाही आला तर काठीने छताला ठोकतात.

हे सगळं गमतीत लिहिते आहे, पण एक गोष्ट गमतीची नाही, ती आता लिहूनच टाकते. पांढऱ्याच्या गेनच्या बटणावर आकडे आहेत. मी रोज पुसते तेव्हा मला दिसतात. पहिल्या दिवशी बटण पाचावर होतं. आठवड्याने साडेसहा. मग सात. मग आठ. आपल्या बोटाला उशीर होतो तेवढी जागा भरून काढायला हे रोज थोडा राग वाढवत होते, आणि मला म्हणत होते, की हा अँप हळूहळू खुलतोय. मी हो म्हणायचे आणि तो आकडा फिरणार नाही अशा बेताने बटण पुसायचे. मला स्वयंपाकघरातून तिन्ही अँपांत एकच ऐकू येत होतं, भावजी. सहा ठोके वेळेवर, आणि सातवा जरासा मागून.

परवा शनिवारी हे म्हणाले, की तू कानाच्या दवाखान्यात काम करतेस, तूच ठरव. मी म्हटलं चालेल, पण आमच्या पद्धतीने. तपासणाऱ्याचे हात पेशंटला दिसता कामा नयेत. मी स्वयंपाकघरात, दार बंद, हातात कागद. हे बैठकीत, तीच चाल, क्रमाने तीन अँप. पहिली फेरी झाली. मी तिन्ही बरोबर ओळखले. (ह्यांना आश्चर्य वाटलं. मला त्यांच्या आश्चर्याचं आश्चर्य वाटलं. तीस वर्षं काय मी कान काढून ठेवून स्वयंपाक करत होते?) मग म्हणाले, आता दुसरी फेरी, या वेळी अँप ओळखायचा नाही, फक्त कुठल्या वेळी सातवा ठोका नीट पडतो ते लिही. आतून तारा काढल्या-घातल्याचे आवाज आले, बटणांचे खटके आले, तीनदा चाल वाजली. मी कागदावर लिहिलं: पहिल्याला थोडा मागे, दुसऱ्याला बराच बरा, तिसऱ्याला अगदी वेळेवर.

मी खोटं लिहिलं होतं. तिन्ही वेळा सारखंच मागे होतं. सव्वीस वर्षांत मी एकाही पेशंटचा आलेख खोटा काढलेला नाही. बायका रडल्या, एक वकील माझ्या अंगावर ओरडला, तरी नाही. पण तिसऱ्या खेपेला आतून त्यांचा श्वास ऐकू आला, म्हणजे ऐकू आल्यासारखा वाटला, आणि हात आपोआप तसं लिहून गेला. मी कागद नेऊन दिला. ह्यांनी वाचला, घडी घातली आणि शांतपणे म्हणाले, “तिन्ही वेळा जुनाच वाजवला. तारा नुसत्या हलवल्या.”

ही युक्ती माझीच आहे. काही पेशंट आवाज नसतानाही बोट वर करतात, आपल्याला ऐकू येतंय असं दाखवायला. त्यांना पकडायचं असेल तर मध्येच काहीच आवाज सोडायचा नाही आणि नुसतं बटण दाबल्यासारखं करायचं. जेवताना कधीतरी मीच ह्यांना हसत हसत सांगितली होती. तर असं मी पकडले गेले, आणि माझ्याबरोबर तेही. चिडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, “म्हणजे अँपचा दोष नाही.” मग तिघांचे दिवे बंद केले, गिटार पुसून पेटीत ठेवली आणि रविवारी सकाळी तुम्हाला फोन केला.

तेव्हा भावजी, या. मी आडकाठी करणार नाही. माणसाला नको असलेली गोष्ट त्याच्या डोळ्यांसमोर ठेवण्यात अर्थ नाही, हे मला कळतं. तुम्ही येणार असं कळल्यापासून बैठकीचे पडदे बदलायचेही मी ठरवते आहे. घर शांत होईल, सोफ्यावर बसता येईल, हेडसरांना मी एखादं दुसरं काहीतरी शोधून देईन. फक्त काल पाच वाजता त्यांनी छताला ठोकलं, तेव्हा हे उठून आतल्या खोलीत गेले आणि मी नळ मोठा सोडला. पण त्याचीही सवय होईल. जाऊबाईंना नमस्कार, घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद, आणि टेम्पो मोठा आणा.

तुमची,
वहिनी

ता. क. (मंगळवार) पत्र पाकिटात घातलं होतं, परत काढलं. पांढरा नेऊ नका. भावनेचा प्रश्न नाही, मोज्यांचा आहे. इकडे चार दिवस ऊन नाही आणि दोरीवर काहीही वाळत नाही. तो मी सकाळी तासभर नुसताच तापवून ठेवते. आज ह्यांनी स्वतःचे मोजेही आणून ठेवले.

दुसरा ता. क. (बुधवार) पत्र्याही नेऊ नका, तो मुळात आपला नाहीच, व्हॉल्व्हवाल्याचा आहे. हे मी पत्रात वर लिहूनसुद्धा तो तुमच्या टेम्पोत घातला होता, यावरून माझं डोकं कुठे होतं ते बघा. त्याला आज फोन केला, की घेऊन जा. तो म्हणाला, दुकानात जागा नाही. त्याच्या दुकानात एक हत्ती मावेल. मग म्हणाला, बाई, ते वाजवत नसतील तर मात्र लगेच येतो. मी म्हटलं, थांबा दोन दिवस. हेडसरही वर येऊन गेले. पत्र्याच्या कपाळावर हात ठेवून बसले, चहा घेतला, गेले.

म्हणजे आता फक्त जुना, कपाट आणि गिटार. छोटा टेम्पो चालेल.

तिसरा ता. क. (गुरुवार, घाईत, पेशंट बाहेर खोळंबला आहे) भावजी, टेम्पो नको.

काल संध्याकाळी मी गाजरं चिरत होते. हे बैठकीत जुना पुसत होते, तुम्हाला चालू स्थितीत द्यायला हवा म्हणून. पाच मिनिटं तापवला आणि बघायला म्हणून ती चाल धरली. हळू. नंतर मी जाऊन पाहिलं तर गेन दोनावर होता, म्हणजे जवळजवळ रागच नाही, एकही चूक झाकली जाणार नाही इतका कमी. तुम्हाला सांगायला हरकत नाही, की आमच्या घरी काकडी असो वा गाजर, चकत्या तीस वर्षं सातसाताच्याच पडतात. माझा हात तसाच चालतो, मला वेगळं काही येत नाही. वाजवणं थांबलं. हे हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, “तू थांबतेस.”

मी म्हटलं, कुठे?

“सुरी. सहा वेळा पडते आणि माझं बोट येईपर्यंत वाट बघते. मग पडते.”

मी म्हटलं गाजर जाड होतं. (दुसऱ्यांदा खोटं, एकाच आठवड्यात.) त्यावर ते जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते, कारण त्यात तुमचंही नाव निघालं. “धाकटा नेहमी पुढे पळायचा. स्टेजवर त्याच्यामागे धावायचो, पण घरी सराव करताना मी ताल तुझ्या सुरीचा धरायचो. मला वाटायचं तुला माहीत आहे.” मला माहीत नव्हतं. तीस वर्षं मी समजत होते, की मीच यांच्या तालावर चिरते. आता कोण कुणाच्या मागे जात होतं ते कोण सांगणार? आम्ही दोघंही हसलो. मग मला जरा रडू आलं, ते मी कांद्यावर ढकललं असतं, पण समोर नुसती गाजरं होती.

मग ते परत गेले आणि जुना सुरू केला. आज सकाळी फ्रिजवर चेंडू नव्हता आणि किराणा-सामानाची यादी खाली पडली होती.

तेव्हा जे मागायला हे पत्र लिहायला घेतलं, आणि सोमवारी बसून चार पानं भरली तरी जे लिहायला धजले नाही, ते आता मागते. रविवारी या, पण रिकाम्या हातांनी. फक्त ड्रमच्या काठ्या आणा, खुर्चीच्या उशीवर वाजवा, हेडसरांची हरकत नाही, त्यांनाही बोलावते आहे. तुम्ही आयुष्यात कुणासाठी ठोका थांबवलेला नाही, हे मला माहीत आहे. गिटारचा पट्टा तुटून तुमचे दादा स्टेजवर वाकले होते तेव्हासुद्धा तुम्ही एकटेच शेवटपर्यंत वाजवत गेलात, आणि मी पहिल्या रांगेत कानांत बोटं घालून बसलेली असूनही मला ते ऐकू आलं होतं. या वेळी तसं करू नका. ती चाल आता सात ठोक्यांची राहिलेली नाही, आठ झालेत. सहा तुम्ही वाजवा. सातव्याला काठ्या वर धरून ठेवा, तिथे काही वाजवायचं नाही, माझी सुरीही तिथे पडत नाही. आठव्याला बोट येतं.